नेच्याचे बी कोठे आहे? तीनशे वर्षे चुकत गेलेल्या एका प्रश्नाचा इतिहास

इ.स. १५९८ मध्ये लंडनमध्ये शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ या नाटकाचा पहिला भाग छापून प्रसिद्ध झाला. त्यात एक वाटमाऱ्या सरायीतल्या नोकराजवळ फुशारकी मारतो, की आमच्याजवळ नेच्याचे बी मिळवण्याचा तोडगा आहे, तेव्हा आम्ही कोणाच्या दृष्टीस पडणारच नाही. नोकर मात्र वस्ताद आहे. तुम्ही दिसत नाही ते बियामुळे नव्हे, काळोखामुळे, अशा अर्थाचे उत्तर देऊन तो मोकळा होतो.

हा विनोद प्रेक्षकांना समजावून सांगावा लागत नव्हता. नेच्याचे, म्हणजे आपण ज्याला सर्रास फर्न म्हणतो त्या वनस्पतीचे, बी जवळ बाळगणारा अदृश्य होतो ही समजूत तेव्हा युरोपभर रुजलेली होती. आजचा थ्रेड त्या बियाच्या शोधाचा आहे. हा शोध लागला तेव्हा असे दिसून आले की जे शोधले जात होते ते अस्तित्वातच नव्हते, आणि जे अस्तित्वात होते ते इतके दिवस पायाखाली तुडवले जात होते.

आधी समजुतीमागचे तर्कशास्त्र पाहू, कारण ते वाटते तितके खुळचट नाही. नेच्याला फूल येत नाही आणि बीही धरत नाही, असे रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकातच नोंदवले होते. त्याच शतकातील ग्रीक वैद्य डायॉस्कोरिडीसचे मतही तेच. परंतु नेचे तर दरवर्षी उगवतात, अरण्येच्या अरण्ये व्यापतात. प्रत्येक वनस्पती बियापासून होते असे एकदा गृहीत धरले, की निष्कर्ष एकच उरतो: बी आहे, पण ते दिसत नाही. मध्ययुगीन वैद्यकाचा आणखी एक सिद्धान्त असा, की वनस्पतीच्या रूपावरून तिचा गुण ओळखावा. मग न दिसणाऱ्या बियाचा गुण काय असणार? धारण करणाऱ्यालाही न दिसणारा करणे!

हे बी वर्षातून एकाच रात्री, २३ जूनला, संत जॉनच्या सणाच्या पूर्वसंध्येला गळते असे मानले जाई. पोलंड, लिथुआनिया, युक्रेन या प्रदेशांत तर त्या रात्री नेच्याला क्षणभर फूल येते आणि ज्याला ते सापडते त्याला पुरलेले धन दिसते, अशी कथा होती. गोगोलने १८३० मध्ये त्याच कथेवर आपली एक भयकथा उभारली.

पुढे जाण्यापूर्वी, मित्रहो, हा नेचा नेमका कसा असतो ते पाहून घेऊ. त्यासाठी युरोपात जाण्याची गरज नाही. पावसाळ्यात सह्याद्रीतला कोणताही गड चढा. तटबंदीच्या चिऱ्यांच्या सांध्यांतून, टाक्यांच्या ओलसर कडांवरून, पडक्या बुरुजांच्या सावलीतून जी पिसांसारखी हिरवी पाने डोकावतात, त्यांतील पुष्कळशी नेच्यांचीच असतात.

पहिली खूण कोवळ्या पानाची. नेच्याचे नवे पान घड्याळाच्या कमानीसारखे वेटोळे घालून बाहेर येते आणि टोक आत ठेवून हळूहळू उलगडते. दुसरी खूण अधिक फसवी आहे. ज्याला आपण नेच्याचे खोड समजतो तो बहुधा पानाचा देठ असतो. खरे खोड आडवे, तपकिरी खवल्यांनी झाकलेले, मातीत किंवा दगडाच्या भेगेत दडलेले असते. त्याला शास्त्रज्ञ राइझोम म्हणतात. म्हणजे हातभर उंचीचा जो डौलदार नेचा आपल्याला ‘झाड’ वाटतो, तो पुष्कळदा अनेक भागांत विभागलेले एकच पान असतो.

तिसरी खूण पानाच्या पाठीवर असते, आणि या थ्रेडचा सारा इतिहास तिच्याभोवतीच फिरतो. पान उलटे करा. पाठीवर तपकिरी ठिपके किंवा रेघा दिसतील. कुंडीतल्या फर्नवर हे ठिपके पाहून ‘कीड लागली’ म्हणून पाने कापून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. वस्तुतः प्रत्येक ठिपका म्हणजे सूक्ष्म पिशव्यांचा पुंज असतो आणि प्रत्येक पिशवीत धुळीसारखे बीजाणू भरलेले असतात. नेचा कोणता हे ओळखण्याची गुरुकिल्ली हीच. जुन्या भिंतींवर हमखास आढळणाऱ्या टेरिस प्रजातीत हे पुंज पर्णिकेच्या कडेने सलग रेघेसारखे असतात. हंसराजात पर्णिकेची कडच आत दुमडते आणि त्या दुमडीखाली पिशव्या दडतात. बागेतल्या नेफ्रोलेपिसमध्ये प्रत्येक पुंजावर मूत्रपिंडाच्या आकाराचे पातळ झाकण असते. नावाचा ग्रीक अर्थही तोच. झाडांच्या फांद्यांवर आणि खडकांवर वाढणाऱ्या बाशिंगात पुंज गोल असतात, पण त्यांवर झाकण नसते. बाशिंगाची आणखी एक मौज अशी, की त्याला दोन प्रकारची पाने येतात. बुडाशी तपकिरी, कागदासारखी, पालापाचोळा धरून ठेवणारी, आणि वर हिरवी, बीजाणू देणारी.

(पुष्पगुच्छात ‘फर्न’ म्हणून जी नाजूक हिरवी काडी खोचतात ती बहुधा शतावरीच्या जातभाईची असते. तिला फुले येतात, फळेही धरतात. नेच्यांशी तिचा संबंध नाही.)

आपल्या भागातील नेच्यांविषयी ज्यांना खोलात जायचे आहे त्यांनी ‘द फर्न्स ऑफ बॉम्बे’ हा १९२२ चा ग्रंथ शोधावा. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी जे. एफ. डि’आल्मेडा यांनी तो लिहिला. त्याआधी मद्रास इलाख्याच्या वनखात्यातील रिचर्ड हेन्री बेडोम यांनी दक्षिण भारतातील आणि नंतर साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानातील नेच्यांवर सचित्र ग्रंथ सिद्ध केले होते. त्यांचे १८८३ चे हस्तपुस्तक अभ्यासक अजूनही उघडतात.

आता पुन्हा सोळाव्या शतकाकडे. हिएरोनिमुस बोक हा जर्मन पाद्री आणि वनस्पतींचा अभ्यासक. १५३९ मध्ये त्याचा वनौषधींवरील ग्रंथ निघाला. त्याने ठरवले, की लोक सांगतात ते स्वतः करून पाहायचे. संत जॉनच्या रात्री तो अरण्यात गेला, नेच्यांखाली कापड आणि मोठाली पाने अंथरली आणि पहाट होण्यापूर्वी पाहिले. अंथरलेल्या कापडावर खसखशीसारखे बारीक काळे कण पडलेले होते! एकदा नव्हे, चार वर्षे त्याने हा प्रयोग केला. मंत्र नाही, रिंगण नाही, तंत्र नाही. कण मिळाले आणि बोक मात्र दिसतच राहिला.

मला बोकविषयी फार आदर वाटतो. लोकसमजुतीची टिंगल करून तो घरी बसला नाही. रात्रभर जागून ती तपासली आणि तिच्यातला खरा भाग बाजूला काढला. मात्र या कणांना त्याने ‘बी’ म्हटले. दुसरा शब्द त्याच्यापाशी नव्हताच. या एका शब्दाने पुढची तीन शतके वनस्पतिशास्त्रज्ञांची वाट चुकवली.

सतराव्या शतकात सूक्ष्मदर्शक आला. इटलीत मॅलपीगी आणि इंग्लंडमध्ये ग्रू यांनी पानाच्या पाठीवरील त्या पिशव्या भिंगाखाली पाहिल्या. काय दिसले असेल त्यांना? एक चिमुकली, देठावर उभी डबी. तिच्या पाठीवरून शिरस्त्राणाच्या तुऱ्यासारखे एक कडे गेलेले. हे कडे साधारण डझनभर पेशींचे असते. त्या पेशींच्या आतल्या आणि बाजूच्या भिंती जाड, बाहेरची तेवढी पातळ. हवा कोरडी झाली, की पेशींतले पाणी उडू लागते, पातळ भिंत आत ओढली जाते आणि सारे कडे मागच्या बाजूला वाकू लागते. डबी फाटते. कडे आणखी मागे ताणले जाते, गोफण मागे घ्यावी तसे. शेवटी ताण असह्य होऊन पेशींतल्या पाण्यात एकाएकी बुडबुडे फुटतात आणि कडे क्षणार्धात पुढे झेपावते. पण पूर्ण मिटत नाही, मध्येच थबकते. त्या थबकण्यामुळेच बीजाणू बाहेर फेकले जातात. मध्ययुगीन दगडफेकी यंत्रात बाहू अडवण्यासाठी आडवा दांडा असे. येथे दांडा नाही, कड्याच्या भिंतींतून झिरपणारे पाणीच ते काम करते. ही सारी गती कशी घडते याचा सूक्ष्म तपशील ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून ही डबी किती गुंतागुंतीची आहे याची कल्पना यावी.

‘बी’ सापडले होते, उडतानाही दिसले होते. मग अडले कोठे?

अठराव्या शतकात लिनियसने साऱ्या वनस्पतींचे वर्गीकरण पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजून केले. त्याची भाषा थेट विवाहाची होती. एका फुलात किती ‘पती’, किती ‘पत्नी’ अशी. नेचे, शेवाळी, बुरशी यांच्यापाशी येताच त्याची मोजणी थांबली. या सर्वांना त्याने चोविसाव्या आणि शेवटच्या वर्गात घातले आणि वर्गाला नाव दिले क्रिप्टोगॅमिया, म्हणजे ‘गुप्तविवाही’. विवाह होतो हे निश्चित, कोठे होतो ते ठाऊक नाही, अशी ही कबुली होती.

मग सुरू झाला शोध. बी आहे म्हणजे बी धरण्यापूर्वी परागण झालेच पाहिजे, आणि ते पानावरच, ‘बियां’च्या आसपास झाले पाहिजे, हा तर्क. कोणी पानावरच्या केसांना पुंकेसर ठरवले, कोणी पुंजावरच्या झाकणाला, कोणी पानाच्या रंध्रांना, तर कोणी त्या गोफणीच्या कड्याला. सगळे विद्वान, आणि सगळे पानाची पाठ खरवडत बसलेले. १७९३ मध्ये जेम्स एडवर्ड स्मिथने पुंजावरील झाकणाच्या रूपावरून नेच्यांच्या प्रजाती पाडण्याची पद्धत मांडली. ओळखण्यासाठी ती उत्तम ठरली आणि आजही उपयोगी पडते, पण विवाहाचे गूढ तिने सुटणारे नव्हते.

दरम्यान एक महत्त्वाचे पाऊल युरोपच्या विद्यापीठांपासून दूर पडले. जमैका ही तेव्हा इंग्रजांची वसाहत, गुलामांच्या श्रमावर उसाचे मळे पिकवणारी. तेथे जॉन लिंडसे नावाचा एक शल्यवैद्य होता. पावसानंतर नुकत्याच उघड्या पडलेल्या मातीवर अगदी चिमुकले नेचे उगवलेले त्याच्या नजरेस आले. त्याने नेच्याची धूळ कुंडीत पेरली आणि रोज थोडी माती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहू लागला. काही दिवसांनी कण हिरवट झाले. मग त्यांतून जे वाढले ते नेच्यासारखे मुळीच नव्हते. जमिनीला चिकटलेले, पातळ, हिरवे खवले होते ते. पुढे त्या खवल्यांतून नेच्याचे पहिले पान वर आले. लिंडसेचा हा वृत्तान्त १७९४ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला.

याचा परिणाम तात्काळ आणि व्यावहारिक होता. दूरदेशीचे नेचे जहाजातून जिवंत आणणे दुरापास्त होते. आता पाकिटात घालून धूळ पाठवली तरी पुरे. क्यूच्या राजोद्यानातले माळी वेस्ट इंडीजचे नेचे बीजाणूंपासून वाढवू लागले.

आणि तो हिरवा खवला? त्याला ‘प्रोथॅलस’ हे नाव पडले आणि बीजदल म्हणून त्याची बोळवण झाली. घेवड्याच्या बियातून नाही का आधी दोन जाड दले वर येतात, तसेच हे नेच्याचे एक दल! ‘बी’ म्हटले की त्याला दल असायचेच. उत्तर लिंडसेच्या कुंडीत उगवले होते, परंतु ज्या शब्दाच्या चौकटीतून लोक त्याकडे पाहत होते ती चौकट चुकीची होती.

मध्यंतरी नेच्यांना इंग्लंडमध्ये भलतेच दिवस आले. ही कथा मुख्य वाटेवरून जरा बाजूला जाते, पण शेवटी आपल्याला हिच्याकडे परत यायचे आहे. लंडनच्या पूर्व भागात नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड नावाचा डॉक्टर राहत असे. कोळशाच्या धुराने त्याच्या अंगणातले नेचे मरत. १८२९ मध्ये त्याने पतंगाचा एक कोश ओलसर मातीसह बाटलीत बंद करून ठेवला होता. पतंगाचे काय झाले ते असो. त्या मातीतून एक नेचा आणि थोडे गवत उगवले आणि बंद बाटलीत वर्षानुवर्षे टिकले. झाकणाखालची वाफ काचेवर जमे आणि पुन्हा मातीत उतरे. यातून ‘वॉर्डची पेटी’ जन्मली. १८३३ मध्ये अशा काचपेट्यांतून रोपे लंडनहून ऑस्ट्रेलियाला सुखरूप पोचली. पुढे चीनमधून चहाची रोपे हिंदुस्थानात आणताना रॉबर्ट फॉर्च्यूनने याच पेट्या वापरल्या. साम्राज्याच्या आर्थिक इतिहासात या काचपेटीला मोठे स्थान आहे. त्यावर स्वतंत्र थ्रेड होईल.

घरोघरी मात्र पेटीत नेचे आले. १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला आणि पेट्या स्वस्त झाल्या. रेल्वेने लोक डोंगरदऱ्यांत जाऊ लागले. मध्यमवर्गीय घरांतल्या तरुण मुली नेच्यांचे संग्रह करू लागल्या, कपबशांवर, लेसवर, थडग्यांवरसुद्धा नेच्यांची नक्षी उमटली. चार्ल्स किंग्जली या लेखकाने १८५५ मध्ये या वेडाला ‘टेरिडोमेनिया’ असे नाव दिले. वेडाची किंमत नेच्यांनी मोजली. विक्रेते पोती भरभरून रोपे उपटून आणत. आयर्लंडमधील किलार्नी परिसरातला पारदर्शक पानांचा एक दुर्मीळ नेचा तर इतका ओरबाडला गेला, की तो जवळजवळ नाहीसा झाला.

इकडे बैठकीच्या खोलीत हे वेड वाढत असताना तिकडे सूक्ष्मदर्शकाखाली गूढ उकलू लागले होते.

१८४४ मध्ये कार्ल नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाला प्रोथॅलसच्या खालच्या बाजूला बारीक फोडांसारखी इंद्रिये दिसली. त्यांतून मळसूत्राच्या आकाराचे सूक्ष्म जीव बाहेर पडून पाण्यात पोहत होते. शेवाळींतील नर-इंद्रियांत असेच काही आढळलेले होते. म्हणजे ही नेच्याची नर-इंद्रिये! पण ती बीजदलावर? अंकुर फुटल्यानंतर? ज्या बियासाठी विवाह व्हायचा ते बी रुजून गेल्यावर वऱ्हाड निघावे, असा हा प्रकार होता. नेगेलीलाही त्याची संगती लागली नाही.

संगती लावली ती एका पोलिश सरदारपुत्राने. मिखाउ हिएरोनिम लेश्चित्स-सुमिन्स्की याने १८४८ मध्ये बर्लिनमध्ये एक छोटा ग्रंथ छापला. त्या वेळी तो अठ्ठावीस वर्षांचा होता. प्रोथॅलसवर नर-इंद्रियांबरोबर दुसऱ्याही प्रकारची इंद्रिये असतात, निमुळत्या मानेच्या सुरईसारखी, आणि त्या पोहणाऱ्या मळसूत्री पेशी त्या सुरईत शिरतात, असे त्याने दाखवून दिले. नवा नेचा तेथेच, त्या सुरईच्या तळाशी, जन्म घेतो. काही तपशिलांत सुमिन्स्की चुकला आणि जाणकारांनी त्याच्यावर टीकाही केली. परंतु विवाहाचे स्थळ अचूक सापडले होते. शंभर वर्षे विद्वान पानावर मांडव शोधत होते. लग्न लागत होते जमिनीवर, नखाएवढ्या खवल्याच्या पोटाखाली, पावसाच्या एका थेंबात.

मग नेचा म्हणजे नेमके काय? पान की खवला? आई कोणती आणि मूल कोणते?

या प्रश्नाचे उत्तर ज्याने दिले त्याच्याजवळ विद्यापीठाची पदवीही नव्हती. विल्हेल्म हॉफमाइस्टर, जन्म १८२४, लाइपझिग. वडिलांचा संगीताची पुस्तके छापण्या-विकण्याचा व्यवसाय. पोराने पंधराव्या वर्षी शाळा सोडली आणि पुढे दुकान सांभाळू लागला. वनस्पतिशास्त्र तो पहाटे, दुकान उघडण्यापूर्वी, स्वतःच शिकला. दृष्टी अतिशय अधू. वस्तू डोळ्यांना जवळजवळ चिकटवूनच त्याला दिसे. हात मात्र असे, की सूक्ष्म इंद्रियांचे छेद तो वस्तऱ्याने लीलया घेई.

१८५१ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, त्याने आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. सुमिन्स्कीने फक्त नेचा पाहिला होता. हॉफमाइस्टरने शेवाळी, नेचे, अश्वपुच्छ, सेलाजिनेला आणि शेवटी देवदार-पाइनसारखे सूचिपर्णी वृक्ष यांचे जीवनक्रम पेशीपेशीने तपासून शेजारी शेजारी मांडले. त्यातून त्याने जे पाहिले ते असे:

या सर्व वनस्पतींच्या आयुष्यात दोन पिढ्या आळीपाळीने येतात. एक पिढी बीजाणू निर्माण करते. तिला लिंग नाही. बीजाणूपासून दुसरी पिढी उगवते. ती नर आणि मादी पेशी निर्माण करते. त्यांच्या मीलनातून पुन्हा पहिली पिढी. आपण ज्याला नेचा म्हणतो ती यातली केवळ पहिली पिढी. प्रोथॅलस हे तिचे दल नव्हे आणि अवयवही नव्हे. ती दुसरी स्वतंत्र वनस्पती आहे, आपल्या मुळांसारख्या केसांवर उभी, स्वतःचे अन्न स्वतः तयार करणारी. आणि ज्याला तीनशे वर्षे ‘बी’ म्हटले त्यात गर्भ नसतो. ती एकटी पेशी असते, विवाहापूर्वीची.

शेवाळीत हाच क्रम उलट्या वजनाने दिसतो. तेथे हिरवी मखमल म्हणजे लिंगधारी पिढी, आणि तिच्यावर उभी राहणारी काडी-डबी ही बीजाणूंची पिढी. सूचिपर्णी वृक्षांत लिंगधारी पिढी इतकी आक्रसली आहे, की ती बीजांडाच्या आतच दडून राहते. शेवाळीपासून देवदारापर्यंत एकच आराखडा, फक्त दोन पिढ्यांचे माप बदलत गेलेले. डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ निघायला अजून आठ वर्षे होती, हे लक्षात घेतले म्हणजे या मांडणीचे धाडस कळते. हॉफमाइस्टरने त्यावर उत्क्रांतीचा शिक्का मारला नाही. तो पुढच्यांनी मारला.

१८६३ मध्ये त्याला हायडेलबर्ग विद्यापीठाने प्राध्यापक म्हणून बोलावले, पुढे तो ट्यूबिंगेनला गेला. १८७७ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्याचे निधन झाले. डार्विन आणि मेंडेल यांच्या पंक्तीत त्याचे नाव का घेतले जात नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. कदाचित त्याचा ग्रंथ वाचण्यास अतिशय कठीण आहे एवढेच त्याचे कारण असावे.

राहिलेले दुवे त्यानंतर भराभर जुळले. पोहणाऱ्या नरपेशींना सुरईचे तोंड कसे सापडते? १८८४ मध्ये विल्हेल्म फेफरने दाखवले, की मॅलिक आम्लाकडे त्या ओढल्या जातात. हे कच्च्या सफरचंदाला आंबटपणा देणारे आम्ल. आम्ल भरलेली बारीक काचनळी पाण्यात धरताच नरपेशी तिच्यात गर्दी करत. १८९४ मध्ये एडुआर्ड स्ट्रासबुर्गरने दोन पिढ्यांचा भेद गुणसूत्रांच्या संख्येशी जोडला. खवल्यात एक संच, पानात दोन. १८९६ मध्ये टोकियोत साकुगोरो हिरासे या तंत्रसाहाय्यकाला गिंको वृक्षाच्या परागनलिकेत चक्क पोहणारी नरपेशी दिसली. बी धरणाऱ्या वृक्षातही नेच्याचा तो जुना पोहण्याचा वारसा शिल्लक होता, आणि हॉफमाइस्टरने जोडलेली साखळी पक्की झाली.

आता किलार्नीकडे परत जाऊ, कारण कथेचा शेवट तेथे आहे.

व्हिक्टोरियन संग्राहकांनी त्या पारदर्शक पानांच्या नेच्याची वस्ती ठिकठिकाणी संपवली. एकेका जागेवरून तो नामशेष झाल्याची नोंद झाली आणि वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याच्या उरल्यासुरल्या जागा गुप्त ठेवण्यास सुरुवात केली. विसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमधील अभ्यासक अंधाऱ्या, ओलसर कपारींमध्ये विजेरी घेऊन शिरले. आत खडकाला हिरव्या कापसासारखे काहीतरी चिकटलेले होते. बोटाने चाचपले तर सूक्ष्म धाग्यांचे जाळे. ही त्याच नेच्याची दुसरी पिढी होती. या जातीत ती खवल्यासारखी नसून तंतूंची असते, आणि तिच्यात एक विशेष आहे: विवाह न होताही ती तुटलेल्या तुकड्यांतून स्वतःच वाढत राहते. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये, आणि पुढे युरोप खंडातही, जेथे एकही पान दिसत नव्हते अशा शेकडो कपारींत ती आढळली.

संग्राहकांनी पाने नेली, खोडे नेली, पेट्या भरल्या. या हिरव्या जाळ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. ते याच नेच्याचे आहे हे त्यांना ओळखता येणे शक्यच नव्हते. आजही त्या बहुतेक कपारींत पान उगवत नाही. तंतू तेवढे अंधारात हिरवे आहेत.